जीआरईचं गणित: दहावीनंतर गणिताची वही मिटलेल्यांसाठी

जीआरई म्हणजे परदेशात, मुख्यतः अमेरिकेत, पदव्युत्तर शिक्षणाला प्रवेश घेण्यासाठी द्यायची परीक्षा. तिच्या गणितात त्रिकोणमिती नाही, कॅल्क्युलस नाही, कुठलंही प्रमेय सिद्ध करायचं नाही. जे आहे ते सगळं शाळेतलं आहे: पूर्णांक, अपूर्णांक, शेकडेवारी, गुणोत्तर, समीकरणं, त्रिकोण, वर्तुळ, सरासरी, संभाव्यता. तरीसुद्धा मत्स्यशास्त्र, कृषी, वनशास्त्र, प्राणिशास्त्र शिकून परदेशात एम.एस.ला जाऊ पाहणारी आपल्या कोकणातली मुलंमुली याच भागाला सगळ्यात जास्त बिचकतात. अकरावीला बायोलॉजी घेऊन गणित सोडलेलं असतं, मध्ये पाच-सहा वर्षं गेलेली असतात, आणि आकडेमोड मोबाइलवर करायची सवय लागलेली असते. मीही रत्नागिरीत मत्स्यशास्त्र शिकले आणि याच वाटेने गेले. जवळपास क्लास नव्हता, विचारायला कुणी नव्हतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. इंजिनिअरिंगवाल्यांना यातला निम्मा भाग वगळता येईल. आठवा टप्पा मात्र त्यांनीही वाचावा.

१. आधी पाहा, परीक्षा द्यायचीच आहे का

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी गेल्या काही वर्षांत जीआरई ऐच्छिक केली आहे, काही विभाग तर स्कोअर बघतच नाहीत. एकाच विद्यापीठात एका विभागाला लागते, शेजारच्याला लागत नाही, असंही असतं. त्यामुळे विद्यापीठाच्या मुख्य पानावर विसंबू नका. तुमच्या विभागाचं प्रवेशाचं पान उघडा आणि वहीत तीन रकाने करा: लागते, ऐच्छिक, नको. ऐच्छिक असेल आणि तुमचे पदवीचे गुण बेताचे असतील, तर चांगला स्कोअर उपयोगी पडतो, असं माझं मत आहे. यादीत सगळीकडे ‘नको’ आलं, तर हा लेख इथेच सोडा आणि तो वेळ अर्जासाठीच्या निबंधाला द्या.

स्कोअर पाच वर्षं चालतो. शेवटच्या वर्षात असताना परीक्षा देऊन मग दोन वर्षं नोकरी करायची असेल, तरी हरकत नाही.

२. परीक्षेचा आराखडा समजून घ्या

सप्टेंबर २०२३ पासून जीआरई छोटी झाली. आता सगळी मिळून ती १ तास ५८ मिनिटांची आहे. आधी ३० मिनिटांचा निबंध, मग भाषेचे दोन आणि गणिताचे दोन विभाग. गणिताच्या पहिल्या विभागात २१ मिनिटांत १२ प्रश्न, दुसऱ्यात २६ मिनिटांत १५ प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटं. जुनी पुस्तकं आणि जुने व्हिडिओ यापेक्षा लांब परीक्षेचे आहेत. त्यांतलं गणित चालेल, वेळेचा हिशेब चालणार नाही.

गणिताचा स्कोअर १३० ते १७० मध्ये येतो. पहिला विभाग कसा गेला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. म्हणून पहिल्या १२ प्रश्नांत सोप्या चुका होऊ देऊ नका. त्या दोन्हीकडून महाग पडतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. एका विभागात असेपर्यंत मागेपुढे जाता येतं, प्रश्नाला खूण करून ठेवता येते. विभाग संपला की परत फिरता येत नाही.

प्रश्नांचे चार प्रकार आहेत: दोन राशींची तुलना, एकच बरोबर पर्याय, एक किंवा अधिक बरोबर पर्याय, आणि उत्तर स्वतः टाइप करणं. तिसऱ्या प्रकारात सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण मिळतो. पडद्यावर साधा कॅल्क्युलेटर असतो: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्गमूळ. सूत्रांचा तक्ता मात्र मिळत नाही. वर्तुळाचं क्षेत्रफळ तुम्हालाच आठवलं पाहिजे.

३. काय काय लागेल

सामान फार नाही, आणि बहुतेक फुकट आहे.

– ईटीएसच्या संकेतस्थळावरचं मॅथ रिव्ह्यू. परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेच दिलेलं, मोफत. अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि डेटा ॲनालिसिस असे चार भाग, प्रत्येकाच्या शेवटी उत्तरांसह उदाहरणं. अभ्यासक्रम म्हणजे हेच. यात नाही ते परीक्षेत नाही.
– पॉवरप्रेप नावाच्या दोन मोफत सराव परीक्षा, ईटीएसच्याच. या जपून ठेवा, सुरुवातीलाच उडवू नका.
– बालभारतीची आठवी, नववी आणि दहावीची गणिताची पुस्तकं. ई-बालभारतीवर पीडीएफ मोफत मिळतात. मराठी माध्यमवाल्यांनी मराठी आणि इंग्रजी दोन्ही प्रती उतरवून घ्या.
– दोन शंभरपानी वह्या. एक कच्च्या कामाला, एक चुकांसाठी.
– साधं घड्याळ किंवा मोबाइलचा टायमर.
– चालू मुदतीचा पासपोर्ट. याबद्दल दहाव्या टप्प्यात लिहिते. नसेल तर अर्ज आजच करा.

महागडे कोर्स सुरुवातीला घेऊ नका. पाया कच्चा असताना घेतलेल्या कोर्सचे व्हिडिओ बघताना सगळं समजतं, आणि पेन हातात घेतलं की काहीच सुटत नाही.

४. आपण कुठे उभे आहोत ते पाहा

मॅथ रिव्ह्यूच्या चारही भागांच्या शेवटची उदाहरणं वेळ न लावता सोडवा. आधी वाचन करू नका, कॅल्क्युलेटर घेऊ नका. प्रत्येक उदाहरणापुढे तीनपैकी एक खूण करा: जमलं, अडखळत जमलं, नाही जमलं. ‘अडखळत जमलं’ हीच महत्त्वाची यादी. घरी बसून दहा मिनिटांत सुटलेलं उदाहरण परीक्षेत सुटत नाही.

बायोलॉजीवाल्यांचा भूमिती आणि संभाव्यतेत गोंधळ होतो, सरासरी आणि आलेख तुलनेने बरे जातात. प्रयोगशाळेतल्या निरीक्षणांची तेवढी सवय असते.

५. बालभारतीपासून सुरुवात करा

ही सूचना ऐकून अनेकांना कमीपणा वाटतो. परदेशी जायचं आणि आठवीचं पुस्तक उघडायचं? हो, तेच उघडायचं. आपली शाळेची पुस्तकं नीट क्रमाने लिहिलेली आहेत, आणि एकेका कल्पनेवर पुरेशी साधी उदाहरणं देतात. जीआरईची पुस्तकं ती पायरी गाळून थेट सापळ्यांकडे वळतात.

सगळं करायची गरज नाही. आठवीतून घातांक, वर्गमूळ-घनमूळ, अवयव आणि चक्रवाढ व्याज. नववी भाग एकमधून संच, वास्तव संख्या, गुणोत्तर व प्रमाण, रेषीय समीकरणं आणि सांख्यिकी. दहावी भाग एकमधून वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी आणि संभाव्यता. भाग दोनमधून समरूपता, पायथागोरसचं प्रमेय, वर्तुळ, निर्देशक भूमिती आणि महत्त्वमापन. त्रिकोणमिती सोडा, भौमितिक रचना सोडा, जीएसटी आणि शेअर्सचं अर्थनियोजनही सोडा. सिद्धता वाचायच्या नाहीत. प्रमेय काय म्हणतं तेवढं घ्यायचं. क्रमचय-संचय (परम्युटेशन-कॉम्बिनेशन) आणि प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) शाळेत येत नाही, ते मॅथ रिव्ह्यूतून करा.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी प्रत्येक प्रकरण मराठीत समजून घ्या आणि लगेच तेच प्रकरण इंग्रजी प्रतीतून सोडवा. उदाहरणं तीच, आकडे तेच. शब्द आपोआप बसतात. तरीही काही शब्दांची वेगळी यादी करून भिंतीवर लावा, कारण उत्तर त्यांच्यावर फिरतं. इंटिजर म्हटलं की ऋण संख्या आणि शून्यही आलं. पॉझिटिव्ह म्हणजे शून्याहून मोठी, पण नॉन-निगेटिव्हमध्ये शून्य धरतात. डिस्टिंक्ट म्हणजे एकमेकींहून वेगळ्या. इन्क्लुझिव्ह म्हणजे दोन्ही टोकं धरून: १० ते ५० इन्क्लुझिव्हमध्ये ४१ पूर्णांक आहेत, ४० नाहीत. कॉन्झिक्युटिव्ह म्हणजे क्रमवार. शून्य सम संख्या आहे. १ मूळ संख्या नाही, आणि २ ही एकच सम मूळ संख्या.

६. हात चालता करा

रोज वीस मिनिटं, कॅल्क्युलेटरशिवाय, फक्त आकडेमोड. पाढे ३० पर्यंत नकोत, २० पर्यंत पुरेत, पण पक्के. वर्ग २५ पर्यंत, घन १० पर्यंत, २ चे घात १,०२४ पर्यंत.

अपूर्णांक आणि टक्के यांची अदलाबदल डोळे मिटून आली पाहिजे: एक अष्टमांश म्हणजे साडेबारा टक्के, एक षष्ठांश म्हणजे १६.६७, तीन अष्टमांश म्हणजे साडेसदतीस. आमचे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ म्हणायचे. बागेत आंब्याचा हिशेब करताना त्यांना कागद लागत नसे. जुन्या अंकलिपीत हे पाढे मिळतात. पाऊणकी आणि सवायकी वीसपर्यंत पाठ केलीत, तर जीआरईतली पंचवीस टक्क्यांची वाढ-घट तोंडी होते. घरात कुणी म्हणणारं असेल तर त्यांच्याकडूनच शिका.

कॅल्क्युलेटर शत्रू नाही. ३,४८७ भागिले १९ असं काही आलं तर तो जरूर वापरा. पण पडद्यावरचा कॅल्क्युलेटर माऊसने चालवताना वेळ जातो, आणि प्रश्न बहुतेक वेळा असे बांधलेले असतात की आधी अंशछेदातले सामायिक अवयव काढले की तो लागतच नाही.

७. विषयवार सराव, आणि कुठे पाय घसरतो

इथे वेळ घाला. दोन महिने हातात असतील तर त्यातला निम्म्याहून जास्त इथे जाऊ द्या.

शेकडेवारी. हापूसची पेटी ३,२०० वरून ४,००० झाली तर वाढ २५ टक्के. ४,००० वरून ३,२०० वर आली तर घट २० टक्के. फरक तोच ८००, पण पाया बदलला. प्रश्न वाचताना दर वेळी स्वतःला विचारा: टक्के कशाचे? तसंच ४,००० ची पेटी २५ टक्क्यांनी उतरली आणि पुन्हा २५ टक्क्यांनी चढली, तर ती ४,००० वर येत नाही, ३,७५० वर येते. लागोपाठचे टक्के बेरीज करून चालत नाहीत, गुणाकार करावा लागतो: ०.७५ गुणिले १.२५.

गुणोत्तर आणि मिश्रण. कोळंबीच्या हॅचरीत काम केलेल्यांना हा भाग घरचा वाटेल. समुद्राच्या पाण्याची क्षारता साधारण हजारी ३५ असते. ती हजारी १४ वर आणायची आहे आणि टाकीत १०० लिटर पाणी हवं आहे. गोड्या पाण्याची क्षारता शून्य धरा. समुद्राचं पाणी क्ष लिटर असेल तर ३५क्ष = १४ × १००, म्हणजे क्ष = ४०. चाळीस लिटर खारं, साठ लिटर गोडं. जीआरईत हाच प्रश्न आम्लाच्या द्रावणाचा किंवा दोन वेगळ्या दरांच्या कॉफीचा होऊन येतो. दोन्ही द्रावणांत काही ना काही विरघळलेलं असेल तरी रीत तीच: विरघळलेल्या पदार्थाचं समीकरण मांडा, द्रावणाचं नाही.

वेग. रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा साधारण साडेसहा किलोमीटर लांब आहे. समजा ५०० मीटर लांबीची गाडी ताशी ७० किलोमीटरने जाते आहे. तिचं तोंड आत शिरल्यापासून शेपूट बाहेर पडेपर्यंत किती वेळ लागेल? अंतर साडेसहा नाही, सात किलोमीटर धरायचं, कारण गाडीची लांबीही त्यात आली. उत्तर सहा मिनिटं. दुसरा नेहमीचा सापळा सरासरी वेगाचा. ९० किलोमीटर जाताना ताशी ६०, येताना घाटात अडकून ताशी ३०. सरासरी ४५ येत नाही. जायला दीड तास, यायला तीन तास, एकूण १८० किलोमीटर साडेचार तासांत, म्हणजे ताशी ४०. एकूण अंतर भागिले एकूण वेळ, याशिवाय सरासरी वेगाची दुसरी व्याख्याच नाही.

संख्या. लसावि-मसावि शाळेत केला, पण तो कधी वापरायचा ते विसरायला होतं. समजा धक्क्यावरून दर ४५ मिनिटांनी फेरीबोट सुटते, दर ६० मिनिटांनी एसटी, आणि सकाळी ७ वाजता दोन्ही एकदम सुटल्या. पुन्हा एकदम कधी? ४५ आणि ६० चा लसावि १८०, म्हणून १० वाजता. बाकीचे प्रश्नही आवडते आहेत: ७ च्या पन्नासाव्या घाताचा एकक स्थानचा अंक कोणता? ७, ९, ३, १ असं चक्र फिरतं. ५० ला ४ ने भागलं की बाकी २, म्हणून चक्रातला दुसरा अंक, ९.

बीजगणित. क्ष² = ५क्ष असेल तर दोन्ही बाजूंना क्षने भागून ५ लिहून मोकळं होऊ नका; क्ष शून्यही असू शकतो. क्ष² = १६ ची उत्तरं ४ आणि –४ दोन्ही, पण वर्गमूळाच्या चिन्हाखाली १६ असेल तर उत्तर फक्त ४. असमानतेला ऋण संख्येने गुणलं की चिन्ह उलटतं, आणि चल धन की ऋण हे माहीत नसेल तर त्याने गुणायचंच नाही.

भूमिती. पाठ असलेच पाहिजेत असे त्रिकोण: ३-४-५, ५-१२-१३, ८-१५-१७, शिवाय ४५-४५-९० आणि ३०-६०-९० च्या बाजूंची गुणोत्तरं. बहुभुजाकृतीच्या कोनांची बेरीज (न – २) × १८०. सगळ्यात मोठी सूचना अशी की भूमितीच्या आकृत्या प्रमाणात काढलेल्या असतीलच असं नाही. कोन काटकोनासारखा दिसतो म्हणून काटकोन धरू नका. निर्देशक प्रतलावरच्या आकृत्या आणि आलेख मात्र प्रमाणात असतात, ते डोळ्यांनी वाचले तरी चालतात.

सांख्यिकी. पाच बांगडा माशांची सरासरी लांबी २० सेंटिमीटर आहे, त्यात २६ सेंटिमीटरचा एक टाकला, तर नवी सरासरी २१. रीत: आधी बेरीज काढा (१००), नवी संख्या मिळवा (१२६), सहाने भागा. सरासरीचा कुठलाही प्रश्न आला की पहिल्यांदा बेरजेकडे वळा. प्रमाण विचलनाचं सूत्र घेऊन आकडेमोड करायची वेळ क्वचित येते. त्याचा अर्थ विचारतात. प्रत्येक बांगड्याच्या लांबीत २ मिळवले तर सरासरी २ ने वाढते, प्रमाण विचलन तेवढंच राहतं. प्रत्येक लांबी दुप्पट केली तर दोन्ही दुप्पट होतात. आणि नॉर्मल वितरणात (ज्याचा आलेख घंटेसारखा दिसतो) सरासरीच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रमाण विचलनापर्यंत साधारण ६८ टक्के, दोन-दोनपर्यंत साधारण ९५ टक्के, हे लक्षात असू द्या.

मोजणी आणि संभाव्यता. गणेशोत्सव मंडळाच्या आठ सभासदांतून तिघांची समिती निवडायची तर ५६ प्रकार. त्याच आठांतून अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार निवडायचे तर ३३६. क्रमाने फरक पडतो का, हा एकच प्रश्न विचारायचा असतो. ‘निदान एक’ असं दिसलं की उलट्या बाजूने जा. दहा माशांत तीन शिळे आहेत, दोन उचलले, निदान एक शिळा निघण्याची संभाव्यता? दोन्ही ताजे असण्याची ७/१० × ६/९ = ७/१५, म्हणून उत्तर ८/१५.

तक्ते आणि आलेख. आधी शीर्षक, मग एकक, मग तळटीप. आकडे हजार टनांत आहेत की टनांत? दोन वर्षांचे दोन वर्तुळालेख शेजारी दिले असतील, तर दोघांची एकूण बेरीज वेगळी असते हे विसरू नका. २०० च्या ३० टक्के म्हणजे ६०, ३०० च्या २५ टक्के म्हणजे ७५. वाटा घटला तरी माल वाढला.

८. तुलनेच्या प्रश्नांचा वेगळा सराव करा

डावीकडे क्वांटिटी ए, उजवीकडे क्वांटिटी बी. चार पर्याय कायम तेच: ए मोठी, बी मोठी, दोन्ही सारख्या, दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही. हा प्रकार आपल्या शाळा-कॉलेजात कुठेच नाही, त्यामुळे गणित चांगलं असलेलेही इथे गुण घालवतात.

ए मध्ये क्ष², बी मध्ये क्ष. मनात २ येतो, ४ विरुद्ध २, ए मोठी वाटते. क्ष अर्धा घेतला की पाव विरुद्ध अर्धा, बी मोठी. म्हणून उत्तर चौथा पर्याय. सवय अशी लावा: चल दिसला की एका ओळीत ०, १, –१, अर्धा, उणे अर्धा, २ आणि १०० लिहायचे आणि प्रश्नातल्या अटीत बसतील तेवढेच घालून पाहायचे. दोन वेगळी उत्तरं मिळाली की थांबा, चौथा पर्याय निवडा, पुढे चला. उलट, दोन्हीकडे फक्त आकडे असतील आणि चल नसेल, तर चौथा पर्याय कधीच बरोबर नसतो. उत्तर ठरलेलंच असतं.

पूर्ण उत्तर काढायची गरज नसते, हे मनावर ठसायला वेळ लागतो. दोन्हीकडून सारखी गोष्ट वजा करा, धन संख्येने भागा, अंदाज घ्या. ४९ × ५१ आणि ५० × ५० यांची तुलना करताना गुणाकार नको: पहिली राशी ५०² – १ आहे.

९. चुकांची वही आणि घड्याळ

चुकलेलं प्रत्येक उदाहरण वहीत डाव्या पानावर उतरवा. उजव्या पानावर उत्तर लिहू नका. कारण लिहा, एकाच ओळीत. ‘टक्क्यांचा पाया चुकला.’ ‘शून्य धरला नाही.’ ‘किती उरले विचारलं होतं, किती गेले ते काढलं.’ आठवड्याने डावं पान बघून पुन्हा सोडवा. काही आठवड्यांत दिसेल की कारणं मोजकीच आहेत आणि त्यांतली बरीच प्रश्न वाचण्याशी निगडित आहेत. त्यावर उपाय साधा आहे: सोडवायला घेण्याआधी काय काढायचं ते कच्च्या कागदावर लिहायचं. ‘काढायचं: नफा, टक्के.’ तीन सेकंद लागतात.

घड्याळ विषयवार सराव संपल्यावरच लावा. मग १२ प्रश्न २१ मिनिटांत, १५ प्रश्न २६ मिनिटांत, असे संच करा. पहिल्या फेरीत दिसताक्षणी सुटणारे घ्या, अडीच मिनिटं होऊन गेली तर अंदाजाने पर्याय निवडून खूण करा आणि पुढे सरका. दुसऱ्या फेरीत परत या. एका हट्टी प्रश्नापायी शेवटचे तीन सोपे प्रश्न न वाचता राहणं, हे फार होतं.

पहिली पॉवरप्रेप परीक्षेच्या साधारण महिनाभर आधी, दुसरी आठ-दहा दिवस आधी. निबंधासकट पूर्ण द्या. नुसतं गणित देऊन खरा अंदाज येत नाही; डोकं थकलेलं असताना वाचण्यात चुका होतात, आणि त्याच तर बघायच्या आहेत.

१०. नोंदणी, पासपोर्ट आणि प्रवास

ईटीएसचं खातं उघडताना नाव आणि आडनाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर. मधलं वडिलांचं नाव पासपोर्टवर कुठल्या रकान्यात छापलंय ते नीट बघा, तिथेच आपल्याकडच्या बहुतेकांची गडबड होते. फी मोठी आहे, ती नोंदणीच्या दिवशी संकेतस्थळावर पाहा. बँकेच्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का, ते आदल्या दिवशीच विचारून घ्या.

परीक्षा घरूनही देता येते. त्यासाठी कॅमेरा, माइक आणि स्पीकर असलेला संगणक, बंद दाराची रिकामी खोली आणि अखंड इंटरनेट लागतं. हेडफोन चालत नाही. साधा कागद वापरता येत नाही, छोटा व्हाइटबोर्ड किंवा पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये घातलेला कोरा कागद आणि पुसता येणारा मार्कर एवढीच मुभा. घरून द्यायची ठरवलीत तर शेवटचा महिनाभर सराव व्हाइटबोर्डवरच करा, कारण लिहिलेलं पुसून पुढे जाण्याची सवय वेगळी असते. पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसतो. माझा सल्ला स्पष्ट आहे: जमत असेल तर मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रावर जा. तिथे कच्चा कागद तेच देतात.

पावसाळ्यात जाणार असाल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक पाहून तिकीट काढा. गाड्यांचा वेग कमी केलेला असतो, उशीरही होतो. घाटात दरड पडली की पुण्याकडचा रस्ता कधी सुरू होईल सांगता येत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत शहरात पोचलेलं बरं. गणपतीच्या आगेमागे आठवडाभर तारीख घेऊच नका, त्या दिवसांत परतीचं आरक्षण मिळवणं हीच वेगळी परीक्षा होते. माझ्या मते आपल्यासाठी सोयीचा काळ नोव्हेंबर. डिसेंबर-जानेवारीच्या अर्जांना स्कोअर वेळेत पोचतो. त्याआधीची तारीख मिळाली तर आणखी चांगलं, एकदा कमी पडलं तर पुन्हा देण्याइतकी जागा राहते.

११. परीक्षेच्या दिवशी आणि नंतर

मूळ पासपोर्ट घ्या, झेरॉक्स चालत नाही. मधे ठरलेली सुट्टी नाही, त्यामुळे आत जाण्याआधी खाऊन-पिऊन घ्या. निबंध पहिला येतो. भाषा आणि गणित यांचे विभाग कुठल्याही क्रमाने येऊ शकतात, लागोपाठही. गणिताचा विभाग सुरू झाला की कच्च्या कागदाच्या कोपऱ्यात ०, १, –१, ½, –½, २, १०० लिहून ठेवा आणि मगच पहिला प्रश्न वाचा.

संपल्यावर भाषा आणि गणिताचा अनधिकृत स्कोअर पडद्यावर दिसतो. अधिकृत निकाल साधारण ८ ते १० दिवसांत खात्यात येतो. परीक्षेच्या दिवशी चार विद्यापीठांना स्कोअर विनाशुल्क पाठवता येतो, पण ती नावं निवडायची ती त्याच वेळी, म्हणून चारांची यादी आधीच पक्की करून जा. नंतर पाठवायचा तर दर विद्यापीठामागे पैसे पडतात. स्कोअर मनासारखा आला नाही तर २१ दिवसांनी पुन्हा बसता येतं, बारा महिन्यांत जास्तीत जास्त पाच वेळा. कुठल्या दिवशीचा स्कोअर पाठवायचा तेही आपल्यालाच ठरवता येतं. पुन्हा बसायचं असेल तर नवं पुस्तक आणू नका, चुकांची वही पहिल्या पानापासून पुन्हा सोडवायला घ्या.